स्टेअरिंगवर कोण बसणार

ढिलं स्टेअरिंग तपासायला माणसं दोन लागतात. एकानं वर सीटवर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे किंचित हलवत राहायचं आणि दुसऱ्यानं खाली खड्ड्यात उभं राहून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. स्टेअरिंग फिरतं पण चाकं फिरत नाहीत, अशी जी मधली मोकळीक असते तिला गॅरेजवाले ‘प्ले’ म्हणतात. ती कुठल्या सांध्यात शिरली आहे ते डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं. सांधा धड असला तर त्याच्या दोन्ही बाजू एकदम हलतात. झिजलेला असला तर एक आधी हलते, दुसरी जराशी मागून येते, आणि तळहातावर कुणी बारीक टिचकी मारावी तसं होतं.

मिस्त्रींच्या गॅरेजात खाली जाणारे मिस्त्री होते आणि वर बसणारी त्यांची बायको. लग्नानंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षी कधीतरी ती डबा घेऊन आली होती. हाताखाली कुणी नव्हतं. मिस्त्री खड्ड्यातून म्हणाले, “अगं, जरा वर बस आणि ते हलव.”

“किती हलवू?”

“गाडीला कळणार नाही इतकं.”

दुसरं कुणी असतं तर या उत्तरानं गोंधळलं असतं. ती गोंधळली नाही. तिनं स्टेअरिंग असं हलवलं की चाकं जागची हलली नाहीत, आणि तरी खाली मिस्त्रींच्या हाताला सगळं लख्ख कळलं. तेव्हापासून ती जागा तिची झाली. मांडीवर भाजीची पिशवी घेऊन, कधी लेकीचा स्वेटर उसवत, ती एका हातानं स्टेअरिंग हलवत बसे. खालून पान्याचा एक ठोका आला की सुरू, दोन आले की बंद. तिनं जन्मात कधी गाडी चालवली नव्हती, आणि त्या भागातल्या निम्म्या गाड्यांची स्टेअरिंगं तिच्या हाताखालून गेली होती. हाताखाली माणसं आली नि गेली. इंजिनाला, ब्रेकला कुणीही चालत असे. स्टेअरिंगचं काम आलं की मिस्त्री घरी निरोप धाडत.

मग लेकीला मुलगी झाली आणि बायको तिकडे गेली. जाताना महिनाभराच्या बोलीवर गेली होती. महिन्याचे दोन झाले, मग बाळाचं पोट बिघडलं, मग जावयाची बदली होता होता राहिली, मग लेक कामावर रुजू झाली. दर वेळी कारण खरं होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

आता एक राखाडी गाडी खड्ड्यावर उभी होती आणि स्टेअरिंगवर शेजारच्या दुकानातले टेलर मास्तर बसले होते.

“मास्तर, हळू! शिलाई मशीन नव्हे ते.”

“तुम्हीच म्हणालात, हलवा.”

“हलवा म्हणालो. उपटा नाही म्हणालो.”

मास्तरांनी हात सैल सोडला. आता स्टेअरिंग हलेचना.

“हलवताय का?”

“हलवतोय की!”

“मग मला का कळत नाही?”

“ते मला काय माहीत? तुम्ही खाली, मी वर,” मास्तर म्हणाले. “मिस्त्री, तुमच्यापायी एका गिऱ्हाइकाची पँट अर्धी राहिलीय माझी. एका पायानं जाईल का तो ऑफिसला? वहिनींना आणा बुवा परत.”

“येतेय,” मिस्त्री खड्ड्यातून म्हणाले. “रविवारी. जावई घेऊन येतोय सगळ्यांना गाडीतून.”

हे त्यांनी मास्तरांना आधीही सांगितलं होतं. चहावाल्याला सांगितलं होतं, सुटे भाग विकणाऱ्याला सांगितलं होतं, आणि काही संबंध नसताना वीजबिलवाल्यालाही सांगितलं होतं. घरी गाद्या उन्हात टाकून झाल्या होत्या. स्वयंपाकघरातला लुकलुकणारा दिवा, जो बदलायला ती दोन वर्षं सांगत होती, तो बदलून झाला होता. बाजारात गेले की सवयीनं ते तिला आवडणारी पालेभाजी घेत, आणि ती फ्रिजमध्ये मान टाकून पडे. स्वतः ते अंडी उकडून खात. संध्याकाळी घरी आले की आधी सगळ्या खोल्यांतले दिवे लावत, जणू प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी बसलेलं आहे.

तिचा फोन रोज येई, बाळ झोपलं की.

“जेवलात?”

“जेवलो.”

“काय जेवलात?”

“सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“अगं, सगळं ठीक आहे इकडचं. तू काळजी करू नकोस. झकास चाललंय माझं.”

मिस्त्रींना वाटे, ती तिकडे दिवसभर बाळामागे राबते, त्यात आपलं रडगाणं कशाला. म्हणून ‘झकास चाललंय’ हे वाक्य त्यांनी इतकं घोटलं होतं की ते फोन कानाला लागायच्या आधीच तोंडातून निघे.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र तिनं जेवणाचं विचारलं नाही.

“ऐकता का? रविवारचं ठरलंय आमचं. पण जावई म्हणत होते, गाडीचं स्टेअरिंग जरा सैल वाटतंय. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं.”

मिस्त्री उभे होते ते खाली बसले.

“दे त्याला.”

जावई फोनवर आला. मिस्त्रींनी विचारलं, टायरमध्ये हवा नीट आहे का? होती. स्टेअरिंगचं तेल? पुरेसं होतं. किती फिरवलं की चाक ऐकतं? “तीन-चार बोटं तरी फिरतं बाबा, तोवर काहीच होत नाही.” सरळ रस्त्यावर? “सारखं सावरावं लागतं. डावीकडे जाते, जरा उजवीकडे घेतलं की उजवीकडेच निघते.” वळणावर? “आधी वळत नाही, मग एकदम वळते.”

मिस्त्रींना पुढचं काही विचारायची गरज नव्हती. लेकीच्या गावाहून त्यांच्या घरापर्यंतचा रस्ता अर्ध्या दिवसाचा, मध्ये डोंगरातली वळणं. ‘सावकाश या’ एवढं म्हटलं असतं की रविवारी सगळे दारात उभे राहिले असते. जावई जपून चालवणारा होता. आणि गाडी इथे आली की खड्डा आपला, हात आपले, एका तासात दुरुस्त. ‘सावकाश या’ हे दोन शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर आले.

पण याच माणसानं आजवर कितीतरी गिऱ्हाइकांना गॅरेजच्या दारात अडवून धरलं होतं. इंजिन बंद पडलं तर गाडी नुसती थांबते, ब्रेक कमी लागला तर एखादी भिंत तरी शोधता येते, स्टेअरिंगच गेलं तर शोधायची ती भिंतही आपल्या हातात राहत नाही, असं ते सांगत. आणि या गाडीत मागच्या सीटवर बाळाला घेऊन कोण बसणार होतं ते त्यांना माहीत होतं.

“गाडी गावाबाहेर काढायची नाही,” मिस्त्री म्हणाले.

“म्हणजे रविवारी...”

“नाही.”

फोन परत बायकोकडे गेला. “मला वाटलंच होतं, तुम्ही नाही म्हणाल,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की आणखी काही, ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवरून तपासणी झाली. तिकडे बायको स्टेअरिंगवर बसली, जावई पुढच्या चाकाशी फोन धरून उकिडवा बसला, आणि इकडे मिस्त्री एका कानात बोट घालून ऐकू लागले. ती हलवू लागली. फोनमधून टक, टक असा बारका आवाज येत होता. मिस्त्रींनी डोळे मिटले. किती महिन्यांनी असा एकसारखा, न घाई न ढिलाई, आवाज त्यांनी ऐकला होता! क्षणभर ते कशासाठी ऐकतोय तेच विसरले.

“टाय रॉडचे सांधे गेलेत,” ते म्हणाले. “चाकाजवळचे. दोन्ही बदला.”

मागून बायकोचा आवाज आला. “अहो, पण आवाज माझ्या पायाशी येतोय.”

“तसं वाटतं गं. असतो खालचाच, दांडीवरून चढून वर येतो.”

“इतकी वर्षं वर मीच बसलेय ना? खालून चढून आलेला मला कळतो. हा तसा नाही.”

“तू नुसती हलव. खालचं मी बघतो.”

ती हलवत राहिली. जावयानं त्याच दिवशी तिथल्या एका गॅरेजात दोन्ही सांधे बदलून घेतले, चाकांची अलाइनमेंट करून घेतली. रविवार गेला. सोमवारी त्याचा फोन आला, स्टेअरिंग होतं तसंच होतं.

मग रोज फोनवर गाडीच. मिस्त्री विचारत, थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की चालत्या? ती जावयाला विचारून सांगे, कधी स्वतः खाली जाऊन स्टेअरिंग हलवून येऊन सांगे. ‘जेवलात? सगळं ठीक’ एवढ्यात संपणारा फोन लांबत चालला. मिस्त्रींच्या एक दिवस लक्षात आलं की आपण ज्याचं उत्तर ठाऊक आहे असेही प्रश्न विचारतोय. खड्ड्यात एकटेच उभे असताना त्यांना त्याची लाज वाटली, तरी संध्याकाळी त्यांनी आणखी दोन विचारले.

आणखी एक रविवार गेला. तिकडचा गॅरेजवाला म्हणाला, आता चाकांना ढकलणारा खालचा आडवा दांडा, अख्खा रॅक, बदलावा लागेल. जावयानं विचारलं, “बाबा, बदलू का?”

मिस्त्री ‘बदल’ म्हणायला गेले आणि थांबले. डोळ्यांनी न पाहिलेल्या, हात न लावलेल्या गाडीचा एक भाग त्यांनी बदलायला लावला होता आणि तो चुकला होता. दुसराही चुकला तर? आणखी एक रविवार.

“काही करू नकोस,” ते म्हणाले. “मी येतो.”

मास्तरांनी गॅरेजचं शटर खाली आलेलं पाहिलं आणि कात्री हातात घेऊनच बाहेर आले. “बंद? मिस्त्री, तुमचे सासरे गेले त्या दिवशीही तुम्ही दुपारून उघडलं होतं!”

“एका गाडीला जाऊन बघायचंय.”

“गाडीला,” मास्तर म्हणाले. “बरं, बरं. गाडीला आमचाही नमस्कार सांगा. आणि म्हणावं, लवकर ये, माझे हात भरून आलेत.”

बसमध्ये कंडक्टरनं बॅग वर टाकायला उचलली आणि तशीच खाली ठेवली. “काका, काय भरलंय, शेजाऱ्याला कोंबलंय की काय?”

“पाने आहेत,” मिस्त्री म्हणाले, आणि बॅग मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. सगळा रस्ता ते बाहेर बघत होते. डोंगरातली वळणं आली तेव्हा प्रत्येक वळणाला त्यांचा हात बॅगेवर आवळला जाई.

दार बायकोनंच उघडलं. बाळ खांद्यावर होतं. मिस्त्रींनी वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तिनं आधीच बोलून ते उधळून लावलं.

“बारीक झालात.”

“बसमध्ये गर्दी होती. दाबला गेलो.”

ती हसली. बाळानं मिस्त्रींच्या मिशा पाहिल्या आणि भोकाड पसरलं. “ए भिंगरे, आजोबा आहेत ते,” ती म्हणाली. “घाबरू नकोस. मीसुद्धा आधी घाबरले होते.”

ती बदलली होती. चष्मा नवा होता. पायात चालायचे पांढरे बूट होते. थोड्या वेळानं खालून दोन बायकांनी तिला हाक मारली, “येताय ना फिरायला?” आणि तिनं गॅलरीत जाऊन सांगितलं, “आज नाही, आज आमच्याकडे पाहुणे आलेत.” पाहुणे हा शब्द ती सहज बोलून गेली. मिस्त्रींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ खाली घेतला नाही. स्वयंपाकघरात डबे तिच्या पद्धतीनं लागले होते, मोठे मागे, छोटे पुढे, झाकणांच्या कड्या एकाच बाजूला. आपल्या घरात डबे आता कसेही उभे होते.

जेवताना लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही आलात ते बरं केलंत. नाहीतरी आम्ही दोनच दिवसांसाठी येणार होतो. आईचे बाकीचे कपडे घ्यायचे आणि परत.”

“बाकीचे?” मिस्त्रींनी विचारलं.

“म्हणजे... आई बोलली नाही का तुम्हाला?” लेकीनं आईकडे पाहिलं. आई बाळाच्या तोंडात चमचा घालत होती आणि बाळाचं तोंड केव्हाचं मिटलेलं होतं.

“सांगणार होते,” ती म्हणाली. “तिथे आल्यावर.”

“हो, हो. बरोबर आहे,” मिस्त्री म्हणाले. “माझं काय, झकास चाललंय तिकडे.” आणि त्यांनी पुढ्यातला भात ओळखू येऊ नये इतका कालवला.

दुपारी ते खाली गाडीपाशी गेले. इथे खड्डा नव्हता. त्यांनी एक जुना पुठ्ठा अंथरला, पुढच्या चाकामागे आडवे झाले आणि हात आत घातला. बायको स्टेअरिंगवर बसली. त्यांनी पान्यानं एकदा ठोकलं. ती हलवू लागली.

हाताला तिचं हलवणं लगेच कळलं. जेवणाच्या ताटावर जे दाबून धरलं होतं ते सगळं या काळ्या, तेलकट सांध्यावर हात ठेवल्या ठेवल्या वर आलं. बरं की ते गाडीखाली होते. त्यांनी डाव्या बाजूचा सांधा तपासला. घट्ट. उजवीकडचा, घट्ट. रॅकची टोकं चाचपली, रॅक ज्यावर बसवला होता ते बोल्ट चाचपले. कुठेच टिचकी नाही. आणि तरी वर स्टेअरिंग तीन बोटं मोकळं फिरत होतं.

त्यांनी दोनदा ठोकलं. ती थांबली.

“खाली काही नाही,” ते म्हणाले.

मिस्त्री सरपटत बाहेर आले, उठून बसले. पुठ्ठ्याचा कण त्यांच्या मिशीला चिकटला होता. तिनं वाकून तो काढला.

“पायाशी म्हणत होतीस ना?” त्यांनी विचारलं.

“म्हणत होते.”

“मला दाखव.”

ती उतरली. “तुम्ही बसा इथे. मी हात घालते.”

“अगं, तिथे तेल असेल, धूळ...”

“बसा हो.”

मिस्त्री स्टेअरिंगवर बसले. ती उघड्या दारात एका बुटक्या स्टुलावर बसली, पेडलांच्या वर अंधारात हात घालून तिनं स्टेअरिंगखालच्या दांडीचा सांधा मुठीत धरला. गाड्या चालवून बघायला मिस्त्री किती वेळा या जागी बसले असतील, पण दुसऱ्या कुणाच्या हातासाठी स्टेअरिंग हलवायला ते आज पहिल्यांदा बसत होते. त्यांना कळेना किती हलवायचं. त्यांनी हलवलं.

“अगंबाई! विहिरीचा पंप आहे का तो? हळू.”

त्यांनी हळू हलवलं.

“आता तर हलतच नाही.”

“मास्तरही असंच करतात,” मिस्त्री म्हणाले. “बिचाऱ्यांना मी काय काय बोललो.”

“गाडीला कळणार नाही इतकं हलवा.”

त्यांनी श्वास रोखला आणि मनगट जेमतेम फिरवलं. टक. त्यांनी तो आवाज ऐकला. तो खालून येत नव्हता. अगदी गुडघ्यांपाशी, तिच्या मुठीतून येत होता. इथे बसलं की त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. इथे बसणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी कळला असता. कळलाच होता.

“इथे,” ती म्हणाली. “वरचं फिरतं आणि खालचं मागून येतं. हात घाला, बघा.”

मिस्त्रींनी वाकून तिच्या हाताशेजारी आपला हात घातला. दांडीच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या सांध्याचा बोल्ट सैल होता. इतका सैल की बोटानं फिरत होता. बसमधून पाहिलेली डोंगरातली वळणं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

“मागे पेडलचं काम करून घेतलं होतं,” जावई वरून येऊन म्हणाला. “तेव्हा उघडलं असेल आणि नीट आवळायचं राहिलं असेल. बाबा, म्हणजे नुसता बोल्ट? मग आपण हे टाय रॉड...”

“ते माझ्यामुळे,” मिस्त्री म्हणाले. “ही सांगत होती. मी ऐकलं नाही. मी जन्मभर खालूनच ऐकत आलोय.”

जावयानं सासूकडे पाहिलं. ती साडीच्या टोकानं हात पुसत होती. ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणायची हक्काची वेळ होती, पण ती म्हणाली नाही. त्यामुळे मिस्त्रींना जास्तच लागलं.

जुना बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. जावई जाऊन नवा घेऊन आला. मिस्त्रींनी सांध्याच्या खाचा नीट आहेत ना ते पाहिलं, डोकं पेडलांशी आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत पडून तो बसवला, आवळला, पुन्हा आवळला. आवळताना त्यांच्या मनात आलं की आपण हे जे घट्ट करतोय ते तिला आणण्यासाठी आणि परत नेण्यासाठीही. गाडी नादुरुस्त होती तोवर निदान रोज प्रश्न तरी होते. त्यांनी पान्याला शेवटचा नेट दिला.

“चालवून बघायला हवी,” ते बाहेर येऊन म्हणाले. “तू चल. आवाज येतो का ते तुला आधी कळतं.”

लेकीनं बाळ घेतलं. दोघं निघाली.

रस्ता सरळ होता, दोन्हीकडे दुकानं, मग कारखान्याची लांबच लांब भिंत. गाडी सरळ धावत होती. बोटभर फिरवलं की बोटभर वळत होती. मिस्त्री काही वेळ फक्त गाडीबद्दलच बोलले. मग तेही संपलं.

“कपडे न्यायला येणार होतीस,” ते समोर बघत म्हणाले.

“हो.”

“मी गाद्या उन्हात टाकल्या होत्या.”

“तुम्ही?” ती म्हणाली. “स्वतः?”

“दिवाही बदलला. लुकलुकणारा.”

ती वळून त्यांच्याकडे बघू लागली. “मग फोनवर का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं? दिवा बदलला?”

“हो. दिवा बदलला. तेवढं सांगितलं असतंत तरी कळलं असतं मला.” ती खिडकीकडे वळली. “रोज फोन करायचे मी. रोज वाटायचं, आज म्हणतील, कधी येतेस. तुमचं आपलं, झकास चाललंय. मग म्हटलं, चाललंय ना माणसाचं झकास, इथे तरी गरज आहे आपली.”

“नव्हतं चाललं.”

“काय?”

“झकास नव्हतं चाललं,” मिस्त्री म्हणाले. “अंडी खाऊन कंटाळलोय मी. घरी गेलो की दिवे लावत फिरतो. आणि स्टेअरिंगवर कुणी बसलं की मला खाली काही कळत नाही. तू ये. मला तू घरी हवीस.”

आयुष्यात त्यांनी एवढी वाक्यं एका दमात बोललेली तिला आठवत नव्हती. कारखान्याची भिंत संपली.

“आत्ता नाही येता यायचं हो,” ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ होता की मिस्त्रींना आधी वाटलं ती हो म्हणाली. “पोरगी नुकती कामावर रुजू झालीय. भिंगरी माझ्याशिवाय झोपत नाही. ती जरा चालायला लागू दे, पाळणाघरात रमू दे. मग मी एक दिवसही राहणार नाही. कपडेही नाही आणणार तिकडचे. राहू देत तिथेच.”

“किती दिवस लागतात चालायला?”

“तुमची लेक उशिरा चालली होती.”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “आठवतं.”

“तुम्ही यायचं रविवारी. शटर पाडून.”

“येईन.”

“आणि फोनवर खरं सांगायचं. काय जेवलात ते.”

“सांगेन.”

“आज काय जेवणार होतात, इथे आला नसतात तर?”

“अंडी,” मिस्त्री म्हणाले, आणि ती हसली, आणि हसता हसता तिनं नवा चष्मा काढून डोळे पुसले.

लेकीच्या घराचं वळण समोर आलं. कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, तिथून उजवीकडे. मिस्त्रींनी वेग कमी केला. संध्याकाळची शेवटची बस त्यांना धरायची होती. स्टेअरिंग त्यांच्या हातात घट्ट आणि आज्ञाधारक होतं, मनात आणलं असतं तर गाडी त्याच क्षणी वळली असती. दुकान मागे गेलं.

“अहो, इथून वळायचं होतं ना?” ती म्हणाली.

“हो,” मिस्त्री म्हणाले. “पुढून वळू.”

तिनं चष्मा परत घातला आणि सीटला पाठ टेकली.